दोन बोटं मागे

एके काळी आमच्या कडाव गावातल्या निम्म्या माणसांची नाकं माझ्या ताब्यात होती. थट्टा करत नाही. पत्र्याच्या एका पेटीत ते फोटो अजून आहेत, काळेपांढरे, कडा वळलेले. प्रत्येकात नाक असं आलंय की चमकीच्या खड्याचे पैलू मोजून घ्यावेत. डोळे मात्र धुक्यात. कुणाकडे बघतायत, हसतायत की रागावलेत, काही कळायला मार्ग नाही. गावानं माझं नाव नाकफोट्या ठेवलं. मला भयंकर राग यायचा, आणि राग तेव्हा नाकावरच असायचा, त्यामुळे ते नाव आणखीच चिकटलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साजगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. रोज एस.टी.नं कर्जत, तिथून खोपोलीची गाडी, पुढे पायी. कारखान्यात एक मोठं यंत्र परदेशातून आलं आणि ते बसवायला त्याच्या मागोमाग एक गोरा साहेब आला. चार महिने मी त्याच्याबरोबर वायरी ओढल्या. त्याला मराठी येत नव्हतं, मला त्याची भाषा येत नव्हती, आणि इंग्रजी दोघांचंही यथातथाच, म्हणून आमचं छान जमलं. त्याच्या गळ्यात सदा एक कॅमेरा असायचा. जेवणाच्या सुट्टीत तो डोंगराचे, बैलगाड्यांचे, आमच्या डब्यांचेसुद्धा फोटो काढायचा, आणि मी त्याच्या मागे मागे. जायच्या दिवशी त्यानं तो कॅमेरा माझ्याच गळ्यात घातला. घरी त्याच्याकडे दुसरा होता म्हणे.

फोकस कसा करायचा ते त्यानं खुणांनी शिकवलं. आधी डोळ्यापुढे गोल केला. मग दोन तळवे एकमेकांवर घासत वर-खाली सरकवले आणि नेमके जुळवून धरले. मला वाटलं निरोप घेतोय. मीही हात जोडून चांगला वाकून नमस्कार केला. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं माझा डोळा कॅमेऱ्याला लावला आणि माझी बोटं धरून लेन्सवरचं कडं फिरवलं, तेव्हा मला तो नमस्कार कळला.

आत, चित्राच्या मधोमध, एक लहानसा गोल होता, आडवा चिरलेला. समोरचं माणूस त्या गोलात दोन तुकड्यांत दिसायचं. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. आईकडे पाहिलं तर तिचं कपाळ जागच्या जागी आणि नाकाखालचा चेहरा डावीकडे निघून गेलेला. कडं हळूहळू फिरवलं की तो चेहरा सरकत सरकत परत यायचा आणि एका क्षणी नेमका जुळायचा. जुळला की फोकस. बटण दाबायचं. इतकं सोपं.

हल्लीच्या डिजिटल कॅमेऱ्यात तो चिरलेला गोल नसतो. माझ्या पुतण्याकडे तसला एक आहे आणि मध्ये एक कडं घालून माझी ती जुनी लेन्स त्यावर बसतेही. पण आत डोळा लावला की सगळंच गुळगुळीत आणि बरं दिसतं. फोकस जुळला असं वाटतं आणि जुळलेला नसतो. एक हिरवा ठिपका लागतो, त्यावर पुतण्याचा फार भरवसा. मी सांगतो, ठिपका लागल्यावरही कडं अजून जरा पुढे ने, मग मागे आण, ठिपका कुठून कुठपर्यंत जळतो ते बघ आणि त्याच्या मधोमध थांब. नाहीतर मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून पापणीचे केस बघ. तो म्हणतो, काका, एवढं कोण करतं. बरोबर आहे. आम्हीसुद्धा केलं नसतं, पण आमच्याकडे एका रोलमध्ये छत्तीसच फोटो असायचे आणि ते धुऊन यायला आठवडा लागायचा.

तर नाकं. साहेबानं जाता जाता आणखी एक खोड लावून दिली होती. लेन्स पूर्ण उघडी ठेवली, म्हणजे आतलं उजेडाचं भोक मोठं केलं, की फक्त समोरचं माणूस लख्ख येतं आणि मागचं सगळं विरघळून जातं. आमच्या अंगणात मागे असायचा गोठा, गोवऱ्या, फाटकी घोंगडी. ते सगळं नाहीसं होऊन नुसतं माणूस राहतं म्हटल्यावर मी वेडाच झालो. सावलीत बसवायचं, हातभर अंतरावर जायचं, लेन्स सताड उघडायची. अशा वेळी लख्ख येणारा टापू केवढा, तर दोन-तीन बोटांचा. डोळे त्यात धरले तर डोळे, नाहीतर मग पुढचं नाक.

कर्जतला स्टेशनाजवळ स्टुडिओ होता, रोल तिथे धुवायला द्यायचो. तिथले मालक वयस्कर, फार सभ्य गृहस्थ. पहिल्या रोलचे फोटो माझ्या हातात देताना ते म्हणाले, "तुमच्या गावाची नाकं फार पाणीदार आहेत हो." दुसऱ्या रोलला काही बोलले नाहीत. तिसऱ्याला चष्मा काढून पुसत म्हणाले, "लेन्स तपासून घ्या."

शेजारची म्हातारी मात्र सभ्य नव्हती. फोटो उजेडात धरून तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "माजं थोबाड कुठं गेलं रं? निस्तं नाक लावलंस व्हय?"

मी लेन्स तपासली. अंगणात बाकड्यावर एकेका बोटाच्या अंतरानं नऊ सुपाऱ्या मांडल्या, तिरक्या ओळीत. पाचव्या सुपारीवर गोल जुळवला आणि फोटो काढला. असे तीन काढले. आठवड्यानं फोटो आले. पाचवी सुपारी अशी लख्ख की तिच्यावरच्या शिरा मोजता याव्यात. चौथी आणि सहावी थोडी मऊ, बाकीच्या विरघळलेल्या. म्हणजे लेन्सचा काही दोष नव्हता. सुपाऱ्यांचा फोकस अचूक येतो आणि माणसांचा येत नाही, हे कोडं घेऊन मी महिनाभर फिरलो. कारखान्यात एकदा चुकीची वायर जोडून बोलणीही खाल्ली.

कोडं सोडवलं ताईनं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मॅट्रिक झालेली, गावातली बालवाडी चालवायची. तिच्यापुढे चाळीस पोरं गप बसायची, माझ्यापुढे आमची म्हैस उभी राहत नव्हती. मी शेजारच्या त्याच म्हातारीला पुन्हा फोटोला बसवलं होतं. तिला डोळ्यांसकट फोटो हवा होता आणि तिनं मला सोडलं नसतं. ताई पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. फोटो काढून झाला, म्हातारी गेली, तशी ताई म्हणाली, "सांगू का? तुज्या डब्यात काय खोट नाय. तुज्या तोंडात हाय."

"काय?"

"तू जुळवतोस, जुळवतोस, मंग बोलतोस रेडी. तू रेडी बोललास का म्हातारी ताठ होते. पदर सारखा करते, मान वर घेते, नि दोन बोटं मागं जाते. तू जुळवलीस ती म्हातारी वेगळी नि फोटूत आली ती वेगळी."

मी कॅमेरा पुन्हा उचलला. मग तिला समोर बसवून म्हटलं, "रेडी." ती हसत हसत ताठ झाली आणि गोलातला तिचा चेहरा माझ्या डोळ्यादेखत दोन तुकड्यांत फुटला.

दोष त्या शब्दाचा होता. रेडी हा शब्द गावानं कर्जतच्या स्टुडिओत शिकला होता. तिथे काळ्या कापडाआडून रेडी अशी हाक यायची आणि सगळं कुटुंब श्वास रोखून ताठ व्हायचं. त्या कॅमेऱ्याला फरक पडत नव्हता, तिथे दिवे असायचे आणि लेन्स बारीक करून ठेवलेली असायची, चार बोटं मागे-पुढे झालं तरी सगळं लख्ख. आमच्याकडे रेडी म्हणजे तयार असा अर्थ कुणाच्या डोक्यात नव्हताच. रेडी म्हणजे ताठ व्हा. शाळेत सावधान म्हणतात तसं. आणि मी शहाणा, प्रत्येक माणूस अगदी नेमका जुळवून घ्यायचो आणि मग स्वतःच्या तोंडानं त्याला दोन बोटं मागे ढकलायचो.

त्या दिवसापासून रेडी बंद. ताईनंच सुचवलं की बोलत राहा, आणि बोलता बोलताच दाबून टाक. मी आणखी एक गोष्ट शिकलो. माणूस थोडंफार हलतच असतं, त्याच्यामागे कडं फिरवत बसलं तर वेळ निघून जाते. म्हणून कडं एका जागी ठेवायचं आणि आपणच कमरेतून पुढे-मागे झुलायचं, जात्यावर बसल्यासारखं. झुलता झुलता डोळे जुळले की त्याच क्षणी बोट. शब्द नाही, खूण नाही. पुढचा रोल धुऊन आला तेव्हा स्टुडिओचे मालक काउंटरमागून बाहेर आले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हातारीनं आपले डोळे बघितले आणि म्हणाली, "आता वळखीची वाटते." नाकफोट्या हे नाव मात्र गेलं नाही. गावानं एकदा ठेवलेलं नाव कोण परत घेतो?

ते दिवस आठवले की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. रविवारी सकाळी अंगणात माणसं यायची, पोरांना तेल लावून आणायची. भात काढून झाल्यावरचे दिवस, खळ्यावर पेंढा रचलेला, त्याच्या सावलीत उजेड असा मऊ की कुणीही सुंदर दिसावं. ताई समोरच्या माणसाशी गप्पा मारायची, कुणाची गाय व्याली, कुणाचा जावई रुसला, आणि मी झुलत असायचो. ती नुसती बोलत नव्हती. माणूस कधी सैल पडतं ते तिला माझ्याआधी कळायचं. तिनं भुवई जरा वर केली की मी दाबायचो. आम्हा दोघांचा तो एकच कॅमेरा होता म्हणा ना.

त्याच हिवाळ्यात ताईनं अलिबागच्या नर्सिंगचा फॉर्म भरला. दोन वर्षांपूर्वी आईला विषमज्वर झाला तेव्हा ताई महिनाभर तिच्याजवळ सरकारी दवाखान्यात राहिली होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात हे होतं. घरात आईला माहीत होतं, मला माहीत होतं. बाबांना सांगितलं तेव्हा ते नुसतं हं म्हणाले होते. बाबांचं हं म्हणजे हो नव्हे आणि नाही पण नव्हे. फॉर्मला फोटो लागतो म्हणून मी तिला भर दुपारी अंगणात, चुन्याच्या भिंतीपुढे उभं केलं. एकच काढला. लख्ख आला. ती फोटोत सरळ बघत होती, जरा हसू दाबून, आणि फॉर्म पोस्टात टाकल्यावर तिनं मला कर्जतला उसाचा रस पाजला.

मग माघात ताईला एक स्थळ आलं. घाटावरचं, जुन्नरकडचं. मुलगा सहकारी सोसायटीत कामाला, घरची बागायत, माणसं चांगली. मध्यस्थ म्हणाले, आधी फोटो द्या, पसंत पडला तर बघायला येतील. बाबा मला म्हणाले, "फोटू तूच काढ. कर्जतला न्यायची नाय."

स्टुडिओला का नाही, तर स्टुडिओवाले चांगला आलेला फोटो काचेच्या कपाटात लावतात आणि मग सगळ्या तालुक्याला कळतं. आमच्याकडे बोलणी पक्की होईपर्यंत शेजाऱ्यालाही कळता कामा नये. उद्या मोडलं तर मुलीला बोल लागतो. त्यामुळे अंगणातही नाही. पडवीत, दार लोटून, एका खिडकीच्या उजेडात. म्हणजे लेन्स सताड उघडी आणि लख्ख टापू दोन बोटांचा.

ताई आईची ठुशी घालून आणि हिरवं लुगडं नेसून बसली. त्या दिवशी गप्पा मारायला कोणी नव्हतं, गप्पा मारणारीच समोर बसलेली. मी झुललो, डोळे जुळवले, दाबलं. तीन फोटो काढले. आठवड्यानं बघतो तर तिन्हींत डोळे मऊ आणि नाकातली चमकी लख्ख.

रेडी तर मी म्हटलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तीन. पुन्हा तेच. बाबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ह्यात पोरगी कुठंय?" इतकंच म्हणाले. मी ताईवर भडकलो. "हलतेस कशाला? अंगणात फॉर्मचा काढला तेव्हा कशी नीट बसलीस."

"मी कुठं हलते? तुलाच जुळवाया येत नाय," ती म्हणाली.

हे वाक्य मला फार लागलं. तिनंच शिकवलेलं, आणि तीच असं म्हणते. मी रागानं दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मी मनाशी हिशेब मांडला की फॉर्मचा फोटो उन्हातला, लेन्स बारीक केलेली, त्यात हललं तरी चालतं, आणि हा अंधारातला. हिशेब बरोबर होता. विज्ञानाला धरून होता. तो फोटो तिला हवा होता आणि हे तिला नको होते, एवढी साधी गोष्ट त्या हिशेबात कुठेच नव्हती. तिनं तर मला एकदा विहिरीवर सांगितलंही होतं, "अलिबागचं पत्र येईपर्यंत काय ठरू नये रं." मी हो म्हटलं होतं. त्या वेळी मी कळशीच्या काठावर मनातल्या मनात फोकस जुळवत होतो. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

मध्यस्थांचा निरोप आला, गुरुवारी येतो, फोटो तयार ठेवा. रविवारी दुपारी जेवताना बाबांनी ताटावरून मान वर न करता मला सांगितलं, "आज एकदाच काढ. ह्या टायमाला बी धुरकट आला तर तो डबा मी पेजेत टाकनार. माज्या हातानं."

पेज नदी आमच्या शेतापलीकडून वाहते, आणि बाबा बोलले की करायचे. चुलत्यांचा पत्त्यांचा जोड त्यांनी एकदा सगळ्यांसमोर चुलीत घातला होता. ताई मला भात वाढत होती, तिचा हात थांबला आणि मग पुन्हा चालू झाला. मी ताट टाकून उठलो आणि गोठ्यात जाऊन बसलो. रडलो. बावीस वर्षांचा बाप्या, एका कॅमेऱ्यासाठी. पण तो कॅमेरा नसता तर मी कोण होतो? साजगावला जाणारा आणि येणारा. थोड्या वेळानं ताई म्हशीला पाणी दाखवायला आली. माझ्याकडे बघितलं, बादली ठेवून गेली.

रविवारच्या माणसांत नवा रोलही संपत आला होता, एकच फोटो उरला होता. छत्तिसावा. मी ठरवलं, आज हिला फसवायचं. दुसऱ्यांना आपण जसं बोलण्यात गुंतवतो तसं हिलाच गुंतवायचं. पडवीत ती बसली, मी डोळा लावला आणि झुलत झुलत विचारलं, "तुज्या बालवाडीतला तो खडू खाणारा पोरगा, त्याचं काय झालं गं?"

ती म्हणाली, "अजून खातो. आता पांढरे सोडून रंगीत खातो."

गोलात तिचे डोळे जुळले होते. मी दाबलं.

सोमवारी कामावर जाता जाता रोल दिला, मालकांच्या हातापाया पडून बुधवारी फोटो घेतला. तिथेच स्टेशनाबाहेर उभं राहून लिफाफा फोडला. एकेक पापणी सुटी दिसत होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती त्याची भुवईतली खूण. डोळ्यांत खिडकी, खिडकीचे गज, आणि त्या गजांपुढे एवढासा मी. असा फोटो मी त्याआधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. मी एस.टी.त बसलोच नाही, उभ्यानं आलो. घरी आल्या आल्या ताईच्या पुढे धरला. तिनं बघितला. "मस्त आलाय रं," म्हणाली. बाबांनी तो देवापुढे ठेवला. आणि मला पहिल्यांदाच म्हणाले, "जमतं तुला."

पुढचं सगळं भराभर झालं. फोटो घाटावर गेला, माणसं बघायला आली, पंधरवड्यात साखरपुडा. अलिबागचं पत्र साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी आलं, निवड झाल्याचं. ताईनं ते दारातच उभं राहून वाचलं, घडी केली आणि बालवाडीच्या हजेरीपटात ठेवलं. आई डोळ्याला पदर लावून आत गेली. बाबा बराच वेळ अंगणात उगीच पेंढ्या सारख्या करत बसले. त्यांना वाईट वाटलं असावं, पण शब्द गेलेला होता आणि शब्द फिरवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मी ताईला म्हटलं, "लग्नानंतर करता येईल की." ती म्हणाली, "बघू." वैशाखात ती घाटावर गेली.

रविवारी माणसं येतच राहिली. मी एकटाच बोलायचो आणि एकटाच झुलायचो. फोटो चांगले यायचे. पण दाबायच्या क्षणी माझी नजर सवयीनं बाजूला जायची, भुवई वर होते का बघायला.

तरी माझा ताठा काही कमी नव्हता. त्या फोटोची गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली. कारखान्यात, लग्नाकार्यात, नव्यानं कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला. समोरचं माणूस फार सावध असेल तर काय करायचं, तर त्याला खडूची गोष्ट विचारायची. मी माझ्या बहिणीला असं फसवलं, अशी सुरुवात. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की कुठे हशा येणार तेही मला पाठ होतं.

ऐंशीच्या दशकात एका उन्हाळ्यात मी ताईकडे चार दिवस राहायला गेलो. तोवर बाबा गेले होते. तिचं घर भरलेलं होतं. दोन मुली, कांद्याची चाळ, विहिरीवर मोटर. दाजी खरंच चांगला माणूस, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण राग धरायला दुसरं कोणी असतं तर माझं बरं झालं असतं. गावातल्या बायका औषधाच्या बाटल्या घेऊन ताईकडे यायच्या, कुठलं जेवणाआधी आणि कुठलं नंतर ते विचारायला. ती नीट समजावून सांगायची, पुन्हा म्हणून दाखवायला लावायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी दाजी आणि मुली भोवती बसल्या होत्या, मी ती गोष्ट सांगितली. खडू खाणाऱ्या पोरावर मुली खदखदून हसल्या. ताईही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एस.टी.ला वेळ होता. आम्ही बाभळीखाली उभे होतो. तिच्या बोलण्यात आता सगळं घाटावरचं आलं होतं.

"तू मला फसवलंस असं सांगतोस व्हय समद्यांना?" ती म्हणाली.

"मग? फसवलंच की."

"तुजं बोट दिसत व्हतं मला. तिन्ही टायमाला दिसत व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रेडीचं गुपित तिनंच तर शोधून काढलं होतं. दोन बोटं मागे गेलं की फोटो बिघडतो, हे साऱ्या कडावात माझ्याशिवाय एकट्या तिलाच माहीत होतं.

"म्हणजे आधी दोनदा तू..."

"सरकले की. दुसरं काय व्हतं माज्या हातात? पत्र येईस्तवर दिवस काढायचे व्हते."

"मग तिसऱ्यांदा का नाही सरकलीस?"

ती रस्त्याकडे बघत होती. "बाबांनी टाकला असता पेजेत. तू गोठ्यात बसला व्हतास, बघितलं ना मी. म्हटलं, दोघांतल्या एकाचं तरी ऱ्हाऊ दे."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, आणि कुठलीशी जुनी गंमत आठवावी तसं म्हणाली, "तुजा हात इतका कापत व्हता त्या दिवशी, मला वाटलं आता ह्यो स्वतःच बिघडवतोय. म्हनून मी श्वास बी धरला."

एस.टी. आली. तिनं माझी पिशवी आत सरकवली, "खिडकीशी बस, जागा हाय," म्हणाली. माळशेजचा घाट कधी उतरलो ते मला आठवत नाही. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, काही होतंय का, आणि मी नाही म्हटलं.

ती गोष्ट मी त्यानंतर कुणाला सांगितली नाही. फोटो माझ्या खोलीत भिंतीवर आहे. बघणारे अजून म्हणतात, काय नेमका फोकस धरलाय हो. पूर्वी मी अशा वेळी खूश होऊन पुढे सांगू लागायचो. आता म्हणतो, मी नाही धरला, ताईनं धरला होता.